औषधाचा रतीब

रतीब हा शब्द आता फक्त दुधापुरता उरला आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नव्या सोसायटीत राहायला आलेलं कुटुंब सामान लावून झालं की पहिली चौकशी रतीबाची करतं. गाईचं मिळेल की म्हशीचं, सकाळी किती वाजता येणार, पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला. मूळ अरबी रातिब म्हणजे ठरलेलं, नेमानं चालणारं. हा शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा दुधाशी काही संबंध नव्हता. रातीब म्हणजे जनावराला, त्यातही घोड्याला, रोज बांधून दिलेला दाणा. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात दाणा, रातीब आणि गवत असा उल्लेख येतो. पावसाळ्यासाठी साठवलेली बेगमी आत्ताच उधळलीत तर पुढं घोडी उपाशी मरतील, असा त्या पत्राचा मतलब. म्हणजे रतीब आधी जनावराच्या तोंडात जाणारा होता, पुढं तो जनावराच्या कासेतून बाहेर येणाऱ्या वस्तूचा झाला.

शब्दानं जागा बदलली तरी गाभा तोच राहिला: ठरलेलं माप, रोज, खंड न पाडता. गेल्या पाऊणशे वर्षांत जगभरच्या जनावरांच्या रतीबात एक अशी वस्तू शिरली, जी रतीबाची नव्हे. तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. पण तिच्याकडं जाणारी वाट गोठ्यातल्या जुन्या शब्दांवरून जाते, आणि ती वाट मला फार आवडते.

चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. बाजार समितीच्या आवारात गाई, म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या उतरतात आणि बाहेर तळेगाव-शिक्रापूर रस्त्यावर मोटारींचे सुटे भाग नेणारे कंटेनर एकामागं एक उभे असतात. महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या. चरायची रानं गेली, दावण मात्र राहिली. दावण म्हणजे जनावरं ओळीनं बांधायचा लांब दोर आणि त्यावरून ती बांधायची जागासुद्धा. संस्कृतात दामन् म्हणजे दोरी आणि दामनी म्हणजे वासरं बांधायचा दोर. दावं आणि दावण ही दोन्ही त्याच घरातली. पोटाला दोरी बांधलेला तो दामोदर, म्हणजे कृष्णसुद्धा या दाव्याचा नातलग. दावणीपुढं गव्हाण असते. गो आणि अदन, म्हणजे खाणं, यांतून गवादनी आणि तिची झिजून गव्हाण झाली. गोठा आला गोष्ठातून, गाई जिथं थांबतात ती जागा. गाईंच्या जागी माणसं जमू लागली, बोलू लागली, त्या बैठकीची गोष्ठी झाली आणि गोष्ठीची आपली गोष्ट. गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं आहेत, हे ज्यांनी गोठ्यात बसून गप्पा ऐकल्या आहेत त्यांना पटवून द्यावं लागत नाही.

चारा आणि वैरण हे दोन शब्द आपण सरसकट एका अर्थानं वापरतो. त्यांच्यात एक फरक आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. चारा हा चर् धातूतला. चर् म्हणजे हिंडणं, फिरणं. चरणारं जनावर फिरत फिरत, निवडत निवडत खातं. चाऱ्यात त्याचे पाय आणि त्याची निवड दोन्ही आहेत. वैरण तशी नाही. तांदूळ आधणात वैरतात, जात्याच्या तोंडात मुठीनं दाणे वैरतात. वैरणं म्हणजे माणसानं हातानं आत सोडणं. दावणीला बांधलेल्या जनावरापुढं येते ती वैरण. ती आणणाऱ्यानं ठरवलेली असते, जनावरानं निवडलेली नसते. रानं गेल्यावर चाकण पट्ट्यात चारा संपला आणि वैरण उरली, असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

जाता जाता चरबीचं सांगून टाकतो, कारण चरून येते ती चरबी असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. चरबी फारसी आहे, चर्ब म्हणजे स्निग्ध. चारा आणि चरबी यांचं नातं फक्त कानाला जाणवणारं. खुराकही फारसीच, खाणं या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. त्याच क्रियापदातून आपल्याकडं हरामखोर, चुगलीखोर, भांडखोर यांमधला खोर आला. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत खुराक म्हटलं की आधी घाटातला बैल डोळ्यापुढं येतो. शर्यतीच्या धावपट्टीला इकडं घाटच म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांतही कित्येकांनी खिलार बैलांचा खुराक मोडला नाही. उडदाचा भरडा, कणीक, दूध, अंडी, तूप, खारीक. या यादीतला प्रत्येक जिन्नस माणसाच्या ताटातला आहे, आणि बैलाला तो घालणाऱ्याला त्याचं नाव, भाव आणि चव तिन्ही ठाऊक आहेत. हे लक्षात ठेवू या.

आता पेंड. माझ्या लेखी गोठ्यातला सर्वांत मोठा शब्द हाच. संस्कृत पिण्ड म्हणजे गोळा. त्यातून पेंड आली, पेंडी आली. घाण्यातून तेल निघून गेल्यावर जो दाबलेला गोळा उरतो ती पेंड. म्हणजे पेंड हा शब्द जन्मानं उरलेल्या वस्तूचा. तीळ, करडई, खोबरं, सरकी यांतलं माणसाला हवं ते माणसानं काढून घेतलं आणि राहिलेलं जनावराला दिलं. या व्यवहारात अन्याय नाही. तेल गेलं तरी प्रथिनं पेंडीत राहतात, आणि गाईच्या पोटाला तेलापेक्षा तीच हवी असतात.

सरकीची पेंड संध्याकाळी घमेल्यात भिजत घालतात. सकाळी ती फुगून घमेल्याच्या काठाशी आलेली असते. बोटांनी फोडली की आत सरकीची काळी टरफलं आणि कापसाचे आखूड तंतू दिसतात, आणि तेलकट, किंचित आंबूस वास हाताला दिवसभर राहतो. त्यात मक्याचा नाहीतर गव्हाचा भरडा, तुरीची चुणी, मूठभर मीठ कालवलं की आंबोण तयार. या शब्दात आंबणं ऐकू येतं, आणि भिजवून ठेवलेल्या कालवणाला ते शोभूनही दिसतं. गाय त्यात नाकापर्यंत तोंड घालते आणि शेवटी घमेल्याचा तळ जिभेनं खरवडते, तो खरखरीत आवाज धार काढणाऱ्याला अचूक कळतो.

गेल्या काही दशकांत पेंडीचा अर्थ पसरला. कारखान्यात धान्य, कोंडा, पेंड, मळी, क्षार एकत्र दळून, वाफ देऊन, यंत्राच्या भोकांतून दाबून जे तयार पशुखाद्य येतं त्याला सगळीकडं गोळी पेंड म्हणतात, काही जण कांडी म्हणतात. त्यात पेंड हा एक घटक असतो, तरी नाव पूर्ण वस्तूला मिळालं. पिण्ड म्हणजे गोळा हे आठवलं तर गोळी पेंड म्हणजे गोळ्याचा गोळा. भाषा असं खुशाल करते आणि ते चालतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सरकीची पेंड फोडून पाहता येत होती. गोळी फोडून काही दिसत नाही. पोत्यावर प्रथिनं किती, तंतू किती, राख किती हे छापलेलं असतं. भारतीय मानकात दुभत्या जनावरांच्या खाद्याच्या दोन प्रती आहेत, एकीत प्रथिनं किमान २२ टक्के आणि दुसरीत २० टक्के. आकडे कळतात. जिन्नस कळत नाहीत.

एक क्रियापदही इथंच पाहून घेऊ: वाढणं. मराठीत झाड वाढतं, मूल वाढतं, आणि पानात भातही वाढतात. वाढ होणं आणि अन्न पुढं ठेवणं, दोन्ही अर्थ एका क्रियापदात मावले आहेत. ज्याला नीट वाढलं तो नीट वाढतो, हे सांगायला आपल्याला वेगळं वाक्य लागत नाही. (अशुभ उच्चारायचं टाळताना आपण हाच शब्द फुटण्यालाही लावतो. नारळ वाढवतात, बांगडी वाढते.) उसाच्या शेंड्याला वाढं म्हणतात. साखर कारखान्यांच्या हंगामात पुणे जिल्ह्यात वाढ्यांच्या मोळ्यांवर कित्येक गोठे निघतात. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय झिजते. तिला वरून खनिज मिश्रण द्यावं लागतं. पूरक हा शब्द इथं अगदी बरोबर बसतो, कारण काहीतरी कमी आहे आणि ते पुरं करायचं आहे. चाटण वीट हे नाव तर मला मराठी पशुपालनातलं सर्वांत देखणं नाव वाटतं. क्षार, मळी, थोडा युरिया दाबून केलेली वीट गव्हाणीत ठेवायची, जनावर गरजेप्रमाणं चाटतं. नावात वस्तूही आली, वापरही आला. मुरघासही तसाच, मुरवलेला घास. संस्कृतात घास म्हणजे चारा आणि ग्रास म्हणजे तोंडात मावेल एवढं. मराठीत दोन्ही एका घासात मिसळले, म्हणून लसूणघासही घास आणि आईनं भरवलेलाही घासच.

इथवरची प्रत्येक वस्तू, मग ती पेंड असो की चाटण वीट, जनावराला कमी पडणारं भरून काढते. ज्या वस्तूबद्दल मला बोलायचं आहे ती वेगळ्या कामाची आहे, आणि तिचं मोठं घर फीडलॉट. त्याला मराठीत शब्द नाही, कारण आपल्याकडं ती वस्तू नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाईची आणि २०१५ च्या दुरुस्तीनं बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे. मांसासाठी गोवंश पोसायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडं हजारो जनावरं एका जागी बांधून, बाहेरून आणलेलं खाऊ घालण्याचं चित्र दिसलं ते दुष्काळातल्या चारा छावण्यांत, २०१२-१३ ला आणि २०१८-१९ ला. तिथं हेतू जगवण्याचा होता. टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या अमेरिकी राज्यांतल्या फीडलॉटमध्ये हेतू वजनाचा असतो. वाढलेली जनावरं शेवटचे चार-सहा महिने कुंपणात कोंडून प्रामुख्यानं मक्यावर ठेवायची आणि अंगावर मांस चढलं की कापायला पाठवायची. तिथल्या बीफ या शब्दाचं आपल्या गो शब्दाशी रक्ताचं नातं आहे. दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दातून आले, एक लॅटिन-फ्रेंच वाटेनं, दुसरा संस्कृत वाटेनं. एका कुळातले दोन शब्द इतक्या वेगळ्या घरी पडल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही.

मक्याचा मारा केला की काय होतं हे समजायला रवंथ समजला पाहिजे. रवंथ आला संस्कृत रोमन्थातून, आणि युरोपी व्युत्पत्तिकोशांत रूमेन या लॅटिन शब्दाची तुलना याच रोमन्थाशी केलेली आढळते. रूमेनला मराठीत कोठीपोट म्हणतात. कोठीत धान्य ठेवावं तसं जनावर वैरण तिथं भरून ठेवतं, मग निवांत बसून तोंडात आणून चघळतं. पण कोठीपोट नुसती साठवण नाही. तिथं अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. तेच गवत कुजवतात आणि गाय खरं तर त्यांच्या कमाईवर जगते. हे सूक्ष्मजीव तंतुमय वैरणीला सरावलेले. एकदम पिठूळ धान्य पडलं की आम्ल वाढतं, पोट बिघडतं, यकृतात गळवं होतात. फीडलॉटमध्ये यावर उपाय म्हणून खाद्यातच औषधं मिसळली जातात. गळवं होऊ नयेत म्हणून टायलोसिन. आणि मोनेन्सिन, जे अमेरिकेत १९७५ मध्ये फीडलॉटच्या जनावरांसाठी मंजूर झालं. मोनेन्सिन कोठीपोटातल्या काही जिवाणूंना मागं रेटतं आणि काहींना वाव देतं. त्यामुळं मिथेनवाटे वाया जाणारी शक्ती कमी होते, प्रोपिओनेट नावाचं जास्त कामाचं आम्ल अधिक बनतं, आणि तेवढंच वजन चढायला खाद्य कमी लागतं. हिशेब पाहणाऱ्याला ही मोठीच गोष्ट आहे, आणि विज्ञान म्हणूनही ती कौतुकाची आहे. मी ते नाकारत नाही.

काम अडतं त्या जागेला मराठीत म्हणतात, इथं घोडं पेंड खातं. बांधलेला दाणा सोडून घोडं वाटेत पेंडीला तोंड लावतं आणि पुढं सरकेना होतं, असं काहीसं चित्र या म्हणण्यामागं असावं. मोनेन्सिनच्या बाबतीत हे म्हणणं अक्षरशः खरं ठरतं. गाईला ज्या प्रमाणात ते सोसतं त्याच्या लहानशा अंशानं घोडा मरतो. त्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात. गाईबैलांचं खाद्य चुकून घोड्यांपुढं गेलं किंवा गिरणीत एका मालाची पावडर दुसऱ्या मालात मिसळली म्हणून घोडी दगावल्याच्या घटना परदेशात वारंवार घडल्या आहेत. गोळीकडं पाहून आत काय आहे ते कळत नाही, याची किंमत तिथं घोड्यांनी मोजली.

आता खाद्यातली ही औषधं आली कुठून ते पाहू. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मोठमोठ्या टाक्यांत आंबवून काढलं जात होतं. औषध काढून घेतल्यावर टाकीत जो लगदा उरायचा तो त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्लं जीवनसत्त्वाच्या हिशेबापेक्षा जास्त वाढली. लगद्यात राहून गेलेला औषधाचा अंश हे त्याचं कारण. १९५० मध्ये ही बातमी जगभर झाली आणि खाद्यात प्रतिजैविकं घालायची पद्धत सुरू झाली.

काढून घेतल्यावर उरलेलं, जनावराला घातलेलं. मराठीत त्याला एकच शब्द आहे. वाढीचं पहिलं औषध ही औषधाची पेंड होती. म्हणूनच ती इतक्या सहज गव्हाणीत गेली असं मला वाटतं. शेतकरी हजारो वर्षं उरलेलं जनावराला घालत आला होता आणि त्याचं भलंच झालेलं पाहत आला होता. फक्त तिळाच्या पेंडीत तेलाचा अंश राहिला तर गाय खुलते. या पेंडीतला अंश जिवाणूंशी लढणारा होता.

पिंपरीकरांना या गोष्टीत परकं वाटायचं कारण नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये इथंच उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं, देशात पेनिसिलिन बनवायला. मुंबई-पुणे रस्त्यावरचा एचएचा थांबा आणि एचए कॉलनी ही नावं त्याचीच. पिंपरी हे गावाचं नाव एका झाडाचं. पिंपळाच्याच कुळातलं, पान पिंपळापेक्षा लहान, आणि महाराष्ट्रात या झाडावरून पडलेल्या पिंपऱ्या पुष्कळ आहेत. पण ही पिंपरी शास्त्राच्या लॅटिनमध्ये गेली. इथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीनाशक हॅमायसिन शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. स्ट्रेप्टोमायसिस म्हणजे पीळ घातलेली बुरशी, हे ग्रीक कुळनाव. पिंप्रिना हे गावचं नाव. आणि ऑरिओमायसिन, टायलोसिन, मोनेन्सिन ही तिन्ही याच स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या वेगवेगळ्या जिवाणूंची कमाई. आपल्या गावाचं नाव धारण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे चुलतभाऊ टेक्सासच्या गव्हाणीत कामाला आहेत.

पिंपरीत पेनिसिलिन बनू लागलं तेव्हा ते माणसाच्या आजारासाठी होतं. औषध हा शब्द ओषधीतून आला आणि ओषधी म्हणजे वनस्पती. सुरुवातीला खाणं आणि औषध यांच्यात भिंत नव्हतीच. भिंत पुढं दुसऱ्या शब्दांनी घातली. औषधाला मात्रा आली, म्हणजे माप. पथ्य आलं. मुदत आली, इतके दिवस घ्यायचं आणि थांबायचं. आणि आधी आजार हवा. आजार, मात्रा, मुदत ही तीन असतील तर औषध. जनावराच्या आजारपणात औषध दिलं, ठरलेले दिवस पुरं केलं, थांबवलं, यावर कोणाचाच आक्षेप नाही. वाढीसाठी खाद्यात घातलेल्या प्रतिजैविकाला आजार नसतो, मात्रा आजार बरा करण्याएवढी नसते आणि मुदतही नसते. ते रोज, ठरल्या मापानं, खंड न पाडता चालतं. म्हणजे तो रतीब झाला.

औषधाचा रतीब लागला की जिवाणू त्याला सरावतात. थोड्या मात्रेत सगळे मरत नाहीत. जे तगतात त्यांचाच वंश वाढतो आणि हा तगण्याचा गुण ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. मग तेच औषध, किंवा त्याच्या कुळातलं दुसरं, दवाखान्यात माणसाला लागू पडेनासं होतं. ब्रिटनमध्ये स्वान समितीनं १९६९ मध्येच सांगितलं होतं की माणसाच्या उपचारात लागणारी प्रतिजैविकं वाढीसाठी जनावरांना घालू नयेत. स्वीडननं १९८६ मध्ये बंदी घातली. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून उरलेली चार वाढवर्धकंही बंद केली, त्यांत मोनेन्सिन होतं. अमेरिकेत २०१७ पासून माणसाच्या कामाची प्रतिजैविकं नुसत्या वाढीसाठी वापरता येत नाहीत. मोनेन्सिन माणसाला देत नाहीत म्हणून ते तिथं चालू आहे. भारतानं जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला बंदी केली. इतर सगळे उपाय थकल्यावर डॉक्टर ज्याच्याकडं वळतात असं ते औषध, आणि ते कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातलं जात होतं.

इथं हार्मोन या शब्दाचा एक गैरसमज खोडायला हवा. ब्रॉयलर कोंबडी इतक्या लवकर भरते ती हार्मोनच्या इंजेक्शनानं, असं आपल्याकडं ठामपणं बोललं जातं. ती भरते ती पैदाशीच्या निवडीनं आणि खाद्यानं. हार्मोनचा मराठी प्रतिशब्द संप्रेरक, आणि तो उत्तम आहे, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही चालना देणारं असाच आहे. पण लोकांचा राग संप्रेरकावर खर्ची पडतो आणि प्रतिजैविक त्याच्या आडोशानं सुटून जातं.

चाकणच्या आसपासच्या पशुखाद्याच्या दुकानात कानावर पडणारं बोलणं साधारण असं असतं.

“मामा, कालवडीला वाढीची पावडर द्या.”

“मागल्या खेपेची का?”

“हां, तीच. पांढऱ्या डब्यातली.”

पांढऱ्या डब्यात खनिज मिश्रण असेल. यीस्ट असेल, आंबोणात पूर्वी आपोआप येणाऱ्या जिवांचं सुकवलेलं रूप. बायपास फॅट असेल. कोठीपोटात न अडकता पुढं जाणारी चरबी म्हणून ते नाव, जरी चाकणला बायपास म्हटलं की आधी रस्ता आठवतो. किंवा औषध असेल. चारही वस्तू पावडर आहेत, चारींनाही लोक वाढीची म्हणतात. शर्यतीच्या बैलाच्या खुराकात खारीक किती आणि उडीद किती हे ज्याला तोंडपाठ आहे, तोच माणूस इथं डब्याच्या रंगावरून खरेदी करतो. त्याचा दोष नाही. ज्यांनी वस्तू विकली त्यांनी तिला त्याच्या भाषेत नाव दिलं नाही, आणि आपण लिहिणाऱ्यांनीही दिलं नाही. वृद्धिप्रवर्तक, खाद्य समावेशक हे शब्द अहवालांत आहेत. गव्हाणीपाशी ते कोणी उच्चारणार नाही. ज्या भाषेनं चाटण वीट आणि मुरघास घडवले तिला हे जमणार नाही असं मी मानत नाही. पूरक म्हणजे पूरक आणि औषध म्हणजे औषध, एवढं तरी पोत्यावर ठसठशीत मराठीत छापलं जावं. औषध असेल तर कशाचं, किती दिवस, आणि नंतर किती दिवस दूध घालायचं नाही, हेही त्याच ओळीत.

दूध घालायचं नाही याचा रिवाज आपल्याकडं आहेच. गाय व्याली की पहिल्या दिवसांचा चीक कोणी रतीबाला घालत नाही. तो वासराचा, उरला तर खरवसाचा. डेअरीत चीक मिसळलेलं दूध आलं तर तिथल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं आणि आणणाराही वाद घालत नाही, कारण चीक हे नाव दोघांनाही ठाऊक आहे. कासेला दगडी झालेल्या गाईला प्रतिजैविक दिलं की तिचंही दूध काही दिवस बाजूला काढायचं असतं. त्या दुधाला चीकाएवढं लहान, रोजच्या तोंडात बसणारं नाव हवं आहे. औषधी दूध म्हणून चालणार नाही, ते ऐकून कोणी मुद्दाम मागून घेईल. ज्यांच्या गोठ्यात त्याला काही म्हणत असतील त्यांनी ते कळवावं. कोशात घालायला मी उत्सुक आहे.